ओल्या टहाळ्याचा माणूस

बोटावरचा कापूस दाबून धरत महिपत खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. शुगरने त्याच्या बापाची नजर गेली, थोरल्या भावाचा पाय गेला, दोघांचंही पन्नाशीच्या आत. महिपतला चैत्रात एकोणपन्नास पुरी झाली होती. चार महिन्यांपूर्वी शहापूरच्या दवाखान्यातल्या याच खोलीत त्याने तपासणीसाठी रक्त दिलं होतं. आज निकाल होता.

“रक्त द्यायच्या आधी दोन दिवस उपास केलात म्हणे?” डॉक्टर नम्रताने विचारलं.

“रगत साफ दिसावं म्हनून.”

ती हसली. “काका, हे जन्मापासूनचं असतं, उपासाने बदलत नाही. अन्न जळताना अंगात ठिणग्या उडतात. त्या विझवणारं एक रसायन रक्तात असतं. तुमच्या घराण्यात ते जरा मंद आहे.”

 महिपतला ही गोष्ट ओळखीची वाटली. रोपांसाठी पालापाचोळा पेटवून भाताचा राब भाजताना एक माणूस ओला टहाळा, पानांची फांदी, घेऊन बांधावर उभा राहतो, ठिणगी रानात जाऊ नये म्हणून.

“मंजे आमचा टहाळेवाला म्हातारा हाय,” तो म्हणाला. “आग बारकीच ठेवाया लागंल.”

“ती बारीकच आहे! आताची शुगर एकदम चांगली आहे. धोका आहे, आजार नाही. पथ्य कोण सांभाळतं?”

“कसलं पथ्य? मी तर कायच नाय करत.”

मुरबाडच्या एसटीत बसल्यावर कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. सिद्धगडाच्या पायथ्याशी उतरून तो घरापर्यंत शीळ घालत आला.

“काय बोलली डाक्टरीन?” त्याच्या बायकोने, गुणाबाईने, दारातच विचारलं.

“नाय मला शुगर.”

तिने आत जाऊन देवापुढे हात जोडले. मग तिने चहा ओतला.

“साखर संपलीय. तसाच घ्या.”

दिराचा पाय कापल्यापासून आठ वर्षं या घरातली साखर अशीच संपत होती. भातही रोज नेमका महिपतच्या ताटापाशी सरायचा आणि वर नाचणीची भाकरी यायची. त्यावरून त्याने तिला गावभर चिक्कू ठरवलं होतं.

त्याने फळीकडे पाहिलं. साखरेच्या डब्यावर मुंग्यांची रांग चढत होती. महिपत उठला, मुंग्या झटकल्या आणि डबा न उघडता भिंतीशी सरकवून ठेवला.

“उद्या आनते,” गुणाबाई म्हणाली.

“घाय नाय गो,” तो म्हणाला आणि बिनसाखरेचा चहा फुंकून फुंकून पिऊ लागला.