नेवेन्काचा बॅकहँड

आमच्या टेनिस क्लबात तीन कोर्टं आहेत, तिन्ही लाल मातीची, आणि एक बाक आहे. कोर्टांवर गळतो त्याच्या दुप्पट घाम या बाकावर गळतो, तोही बसल्या बसल्या. एकोणतीस वर्षं मी इथला कॉफीचा गाळा चालवते, तेव्हा मला विचारा.

दर शनिवारी खेळ संपला की म्हातारे पाइनच्या सावलीत टेकतात आणि एकच वाद उकरतात: टप्पा पडलेला चेंडू आजवर सगळ्यांत सुंदर कुणी मारला? सर्व्हिसचा विषय काढायला बंदी आहे. आमच्या स्प्लिट शहरात सर्व्हिस म्हटलं की सगळे गावच्याच गोरानचं नाव घेऊन मोकळे होतात, मग भांडणार कशावर? म्हणून फक्त फोरहँड आणि बॅकहँड. एकाने नाव मांडायचं, दुसऱ्याने त्याला आडवं जायचं, आणि दुपारी बाराच्या घंटेपर्यंत ज्याचा आवाज टिकेल तो जिंकला. हरलेल्याने जाळी ओढत तीन नंबरच्या कोर्टाची माती सारखी करायची.

आडवं जायला कुणी मिळालं नाही, असं कधी घडलं नव्हतं. बोर्गला यांनी सोडलं नाही. "नादालचा तो काय फोरहँड आहे? गोफण आहे गोफण!" यावरून दोघं जण पंधरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. या भांडणांत सगळ्यांत पुढे व्हित्स्को आणि येर्को. व्हित्स्को गोदीत जहाजांची रेखाटनं करायचा, येर्को शाळेत भूगोल शिकवायचा. बारा वर्षांचे असल्यापासून दोघांची मैत्री, आणि साठ वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत नाही.

जानेवारीत व्हित्स्कोची बायको गेली. नेवेन्का. आमच्याच क्लबात चाळीस वर्षं खेळलेली. मातीने लाल झालेल्या मोज्यांनीच माझ्याकडे यायची आणि उभ्या उभ्या कॉफी प्यायची. ती गेली आणि व्हित्स्कोने क्लबाचं तोंड पाहिलं नाही. मी डाळीचं सूप घेऊन जायचे, पुढच्या खेपेला भांडं तसंच भरलेलं. पँट कमरेला दोरीने बांधायची पाळी आली होती. हा माणूस उन्हाळा काढत नाही, अशी धास्ती मला बसली होती.

एप्रिलच्या शेवटी त्याचा फोन आला. "शनिवारी येतो, दोब्रिला. एक नाव मांडायचंय."

कुठलं नाव ते मला सांगायला नको होतं. आणि तिथेच मी माझी अक्कल पाजळली. येर्को खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायामासाठी दवाखान्यात होता. बाकीच्यांना मी एकेकाला गाठून बजावलं, "शनिवारी जो तोंड उघडेल त्याच्या कॉफीत मीठ घालीन. त्याला जिंकू द्या. माणूस आधीच अर्धा झालाय."

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. चार महिन्यांत पहिल्यांदा दाढी केलेली. खिशातून घडी घातलेला कागद काढला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. बाकावर न बसता समोर उभा राहिला.

"बॅकहँड मांडतो," तो म्हणाला. "नेवेन्काचा."

आणि पुढे वाकून एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला. दातांचा डॉक्टर स्रेच्को, ज्याने फेडररच्या बॅकहँडमध्येसुद्धा कीड शोधली होती, मान खाली घालून म्हणाला, "मान्य."

"मला पण मान्य," दुसरा म्हणाला.

"अरे, देवदूत होती बिचारी," तिसरा म्हणाला.

व्हित्स्को थांबला. "एवढंच?"

"एवढंच. सगळ्यांत उत्तम. एकमताने," स्रेच्को म्हणाला, आणि त्याने शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं.

व्हित्स्कोने कागद खिशात घातला. माझ्या गाळ्यापाशी येऊन क्लबातल्या आपल्या कपाटाची किल्ली ठेवली. "ही कुणाला तरी देऊन टाक."

"अरे, पण तू जिंकलास की!"

"हो ना," तो म्हणाला. "जिंकलो." आणि गेला. अजून अकरासुद्धा वाजले नव्हते.

गुरुवारी येर्को काठी टेकत आला. त्याला मी सगळं सांगितलं, जरा कौतुकानेच सांगितलं, आणि किल्ली दाखवली. त्याचा चेहरा उतरत गेला.

"हे तू सांगितलंस त्यांना? गप्प बसायला?"

"मग काय करू? त्याचं मन राखायला नको?"

"शहाणी आहेस! अगं, आम्ही स्टेफीशी भांडलो, सेलेसशी भांडलो, हेनिनवरून तर स्रेच्कोने खुर्ची उचलली होती. नेवेन्का काय त्यांच्यापेक्षा हलकी होती? देवदूत म्हणे! देवदूतांना कुणी बॅकहँड विचारतं का? चौघांनी मिळून तिला दुसऱ्यांदा पुरलंत तुम्ही."

"माझ्या मनात चांगलंच होतं," मी म्हणाले.

"त्या चांगल्याचं लोणचं घाल. आणि चल माझ्याबरोबर, मला जिन्यात आधार लागेल."

मला इतका राग आला होता की वाटभर मी त्याच्या चार पावलं पुढे चालले. आणि राग कशाचा, तर तो खरं बोलत होता याचा.

व्हित्स्कोचं घर तिसऱ्या मजल्यावर. येर्को दर चार पायऱ्यांनी थांबत होता. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्याने श्वास घेतला आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडला, "व्हित्स्को! तुझ्या बायकोचा बॅकहँड पहिल्या दहातसुद्धा येत नाही!"

वर दार उघडलं. "काय म्हणालास?"

"खांद्याच्या वर उडालेला चेंडू तिला झेपायचा नाही! मागे सरकायची आणि अर्ध्या कोर्टात टाकायची!"

"गाढवा, ती वर उडूच द्यायची नाही! टप्प्यावरून उचलायची! तुला आयुष्यात कधी दिसलंच नाही, कारण तोवर चेंडू तुझ्या मागे गेलेला असायचा!"

"मिश्र दुहेरीची अंतिम लढत!" येर्को गरजला. "झादारहून आलेल्या त्या उंच बाईने सहा चेंडू सलग उंच टाकले. तुझ्या बायकोचे किती चुकले?"

"दोन! आणि वारा होता!"

"चार! आणि वारा दोघींना होता!"

असं भांडत आम्ही स्वयंपाकघरात पोचलो. व्हित्स्कोने तो कागद टेबलावर आपटला, पण त्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला सगळं पाठच होतं. "कशी मारायची सांगतो तुला," म्हणत त्याने खुंटीवरचा मोठा पळा उचलला, रॅकेटसारखा धरला आणि खांदा वळवला. पळा मागे गेला, मनगट घट्ट, डावा हात हलकेच पळ्याच्या दांड्यावर. मी चाळीस वर्षं नाही, पण एकोणतीस वर्षं नेवेन्काचा तसाच वळणारा खांदा पाहिला होता.

येर्को पुढे सरकला. मग काठीने त्याच्या बुटाला टोचत म्हणाला, "उजवा पाय आणखी पुढे. ती एवढा जवळ टाकायची नाही."

व्हित्स्कोने पाय पुढे टाकला. थोडा आणखी. आणि तसाच उभा राहिला, नेवेन्का उभी राहायची तसा, आणि रडायला लागला. दफनाच्या दिवशी त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"चार महिने," तो म्हणाला, "जो येतो तो म्हणतो किती चांगली होती. ती कुठे पाय टाकायची ते कुणाला आठवत नाही."

"मला आठवतं," येर्को म्हणाला. "पण म्हणून तो बॅकहँड पहिल्या दहात जात नाही."

"शनिवारी बघतो तुला."

"ये. जाळी ओढायची तयारी ठेवून ये."

मी किल्ली टेबलावर ठेवली. त्याने ती बघितली, खिशात टाकली आणि आम्हाला जेवून जायला सांगितलं. आम्ही तिघांनी बटाटा घातलेली पालेभाजी खाल्ली. व्हित्स्कोने दोनदा घेतली.

उतरताना येर्को माझ्या खांद्यावर भार टाकून एकेक पायरी उतरत होता. न राहवून मी विचारलं, "खरंच का रे तो पहिल्या दहात नाही?"

तो कठड्याला धरून थांबला. "वेडी आहेस का? तेवढा सुंदर बॅकहँड मी जन्मात पाहिला नाही." वर दाराकडे एकदा बघून त्याने आवाज खाली आणला. "पण हे त्याला कळता कामा नये. मी मरेपर्यंत तरी नाही."