तिला सांगितलेलं

मालन पाटणकर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढल्या, तसा सर्वेश बाकावरून पुढे सरकला. या बाईला कोर्टात ओढायचंच, असा हट्ट त्यानेच वकिलाकडे धरला होता.

तो नोकरीला बोटीवर, बायको सानिका गावी पावसला. त्याने फोन केला की "बरी आहे, जेवले," एवढ्यावर ती उरकायची. आणि रत्नागिरीला येऊन या समुपदेशक बाईंपाशी मात्र तास तास बोलायची. समोर कोणी पुरुष असता तर त्याचा इतका जळफळाट झाला नसता. आता घटस्फोट दारात होता आणि मुलगी कोणाकडे राहणार हे ठरायचं होतं.

"सानिका तुमच्याकडे काय बोलायच्या?" त्याच्या वकिलाने विचारलं.

"ते त्यांचं आहे. त्यांच्या संमतीवाचून मी सांगणार नाही." बाई न्यायाधीशांकडे वळल्या. "कोर्टाचा आदेश झाला तर मोडणार नाही. पण मग लागेल तेवढंच, आणि बंद खोलीत सांगू द्यावं."

"मुलीला काही धोका?" न्यायाधीशांनी विचारलं.

"असता तर बोलावण्याची वाट पाहिली नसती."

प्रश्न नामंजूर झाला. सानिका बाईंकडे पाहत होती. तसं तिने आपल्याकडे शेवटचं कधी पाहिलं, ते सर्वेशला आठवेना.

मग सानिकाचे वकील उठले. "सर्वेश तुम्हाला कधी भेटले होते?"

"एकदा."

"काय म्हणाले?"

सर्वेशने आपल्या वकिलाकडे पाहिलं. गेला होता तो भांडायलाच. पण बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कोणाला न सांगितलेलं तो बोलून बसला. ते इथे निघालं तर मुलगी गेलीच.

"तेही नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "तेही विश्वासानेच बोलले होते."

पुढची तारीख पडली. बाहेर जिन्यापाशी सानिकाने त्याला गाठलं.

"तू गेलेलास तिच्याकडे? काय सांगितलंस?" तिचा आवाज चिरकला. "मला कधी काय सांगितलंस रे तू?"

तो जळफळाट त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. खाली मान घालून निघून जाता आलं असतं. तो थांबला.

"सदूला तुझ्या मागावर मीच ठेवला होता," तो म्हणाला. सदू त्याचा चुलतभाऊ. "कुठे जातेस, कोणाशी बोलतेस, सगळं कळवायचा. पोरीलासुद्धा विचारायचो मी."

सानिकाने कठड्यावर हात टेकला.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "तिकडे जाऊन दुसरं काय बोलत होते मी?"