कानाची पारख

धाकट्या बहिणीला काम करायला स्वतंत्र खोली मिळाली, तीही कला केंद्रात, हे कळलं त्या दिवशी मी तिला फोनवर म्हटलं, फार आनंद झाला गं. फोन ठेवला आणि नवऱ्यावर खेकसले. तो बिचारा नुसता चष्मा शोधत होता. काय झालं, असं त्याने विचारलं, तर मी म्हटलं, काही नाही, आनंद झालाय.

मग वर्षभर ती मला बोलावत राहिली आणि मी टाळत राहिले. कधी कामाची पाळी बदलली, कधी गुडघा, कधी न आलेले पाहुणे. शेवटी तिने सांगितलं की आता नाही आलीस तर ही खोली बघायची राहूनच जाईल. वर्षाची मुदत संपत आली होती. केंद्रात नऊ कलाकार होते आणि त्यांतल्या चौघांनाच पुढची तीन वर्षं खोली मिळणार होती. रविवारी खोल्या सगळ्यांना बघायला खुल्या, चार वाजता निवड समिती फिरणार, प्रत्येकाने मोठ्या दालनात ठेवायला आपलं एकच काम द्यायचं आणि त्यावर काय तो निकाल. धाकटी देणार होती तिचा पांढरा रांजण. पण मी तो वाजवून पाहिल्याशिवाय नाही.

हे वाजवणं जरा सांगायला हवं. बेसिनं आणि कमोड बनवणाऱ्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासणी खात्यात आहे. भट्टीतून माल आला की लाकडी हातोडीने हलकेच टकटक करायचं आणि ऐकायचं. चांगलं भांडं खणखणीत वाजतं. आत कुठे केसाएवढा तडा असेल, डोळ्याला दिसतही नसेल, तरी ते बद्द वाजतं. बद्द वाजलेला माल त्याच मिनिटाला फोडायचा हा आमच्याकडचा नियम. नुसता बाजूला ठेवला तर कुणाला तरी त्याची दया येते आणि तो चांगल्या मालात शिरतो. दिवसाला दोनशे नग माझ्या हाताखालून जातात. यंत्र चुकेल पण ताईंचा कान चुकायचा नाही, असं खात्यात म्हणतात. आयुष्यात माझं कौतुक झालंय ते एवढ्याच गोष्टीसाठी, म्हणून लांबण लावली.

धाकटीकडे हात आहेत आणि माझ्याकडे कान, असं ती सगळ्यांना सांगते. मला ते कधीच आवडलं नाही, कारण हात माझ्याकडेही होते. संध्याकाळच्या वर्गात आधी मी जात होते. चाकावर माती मध्यावर कशी आणायची, कोपर मांडीला टेकवून दम कसा धरायचा, हे तिला मी शिकवलं. मग कारखान्यातली कायमची नोकरी निघाली. घरात दोघींपैकी कुणीतरी ती धरणं भाग होतं, आणि थोरली मी. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलंही नाही.

रविवारी मी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. पूर्वी तिथे बिस्किटांचा कारखाना होता म्हणे. आता भिंती पांढऱ्याफटक, जमीन गुळगुळीत आणि लांबलचक व्हरांड्याला दोन्ही बाजूंनी खोल्या. दारं अर्धी काचेची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कलाकार काम करताना दिसावेत. शेजारी पाटी, 'आत काम चालू आहे, प्रश्न विचारायला हरकत नाही.' आमच्या कारखान्यात 'कामगारांशी बोलू नये' अशी पाटी आहे. लोक काचेला नाक लावून बघत होते आणि आतले न बघितल्यासारखं करत होते.

पहिल्या खोलीत एक दाढीवाला विजेच्या जुन्या तारा विणत बसला होता. दुसरीत अंधार करून भिंतीवर एका माणसाच्या टाचेचा सिनेमा चालला होता. मी पाच मिनिटं उभी राहिले, टाच हलली नाही. तिसरीतल्या बाईने करड्या रंगाचे चौकोन काढले होते, एकसारखे, चाळीस. एका गृहस्थांनी मान तिरकी करून बराच वेळ 'हं' केलं. माझ्याही तोंडातून 'हं' निघालं आणि मला बरं वाटलं. म्हटलं, धाकटीचंही असंच काही असेल, मग आपण सुखाने घरी जाऊ.

पण तिच्या दारात आले आणि पोटात दुखायला लागलं. खोलीला छतापर्यंत खिडकी होती आणि त्यातून सावली न पाडणारा शांत उजेड येत होता. मातीकामाला तसाच लागतो. मला तो सव्वीस वर्षांत पाच मिनिटंसुद्धा मिळालेला नाही. मधोमध जाड लाकडी टेबल. कोपऱ्यात तिची स्वतःची विजेची भट्टी, आणि तिची किल्ली गळ्यात दोऱ्याला. आणि बेसिन! मी दिवसभर बेसिनंच बघते, पण इतकं खोल, गाळ साठायला खाली वेगळा डबा असलेलं बेसिन बघून माझा जीव जळला. हसू नका. बाईला दुसऱ्या बाईच्या दागिन्यांचा हेवा वाटतो असं समजणाऱ्यांनी मातीने भरलेले हात घरच्या मोरीत धुऊन बघावेत.

धाकटी धावत आली, मातीच्या हातांनीच मिठी मारली. एक्केचाळीस वर्षांची आहे, पण मला बघितलं की सात वर्षांची होते. तिच्या खोलीत पंधरा-वीस माणसं होती. त्या सगळ्यांना तिने मोठ्याने सांगितलं, ही माझी ताई, मला मातीला हात लावायला हिने शिकवलं. लोकांनी आदराने माझ्याकडे पाहिलं. एका तरुणीने विचारलं, तुम्हीपण कलाकार का? मी म्हटलं, नाही, मी कमोड वाजवते. ती हसली, मग आपण हसायला नको होतं असा चेहरा करून दुसऱ्या खोलीत गेली.

दिवसभर मी एका स्टुलावर बसून होते. लोक येत होते आणि रांजणासमोर गप्प होत होते. हे मला सहन होत नव्हतं. गुडघ्याएवढा उंच, नुसता पांढरा, अंगावर नक्षी नाही की रेघ नाही. पण त्याचा काठ इतका पातळ काढला होता की उजेड त्यातून थोडा आत उतरत होता. तोंडापर्यंत पाणी भरून तो दालनात ठेवायचा होता. आठ महिने ती त्याच्या मागे होती, आधीचे दोन तिने माझ्याच सांगण्यावरून फोडले होते. दोन्ही वेळा ती त्यांना उशीत गुंडाळून, मांडीवर घेऊन माझ्या घरी आली होती, आणि दोन्ही वेळा मी खरं तेच सांगितलं होतं.

मी त्या काठाकडे बघत हिशेब करत होते की असा काठ मला जमला असता का. जमला असता, असं मी स्वतःला चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी नाही सांगता आलं. तिला नुसती माझ्या वाट्याची संधी मिळाली असती तर मी सोसलं असतं, त्याची मला सवय होती. पण ती माझ्यापेक्षा सरस होती. मी नोकरी धरली नसती तरी ती माझ्यापेक्षा सरस निघाली असती.

साडेतीनला तिने दार लावून घेतलं. समिती यायला अर्धा तास होता. तिने हात धुतले, रांजण टेबलावर मधोमध आणला आणि मला म्हणाली, "ताई, बघ आता. तू हो म्हणालीस की मी पाणी भरते."

मी बोटाच्या पेराने वाजवलं. खण्ण झालं. असं स्वच्छ, लांब चाललेलं वाजणं मी कारखान्यात वर्षातून एखाद-दोनदा ऐकते. खाली वाजवलं, पोटावर वाजवलं, काठाजवळ वाजवलं. सगळीकडे तेच. धाकटी माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांत पूर्ण भरवसा.

"बद्द आहे," मी म्हटलं. "पोटाशी."

खरं सांगते, मला वाटलं ती तो बाजूला ठेवेल. फळीवर तिचं दुसरं काम होतं, एक रुंद वाडगा, बरा होता. तो दालनात जाईल, लोक त्याच्यासमोर इतके गप्प होणार नाहीत, एवढंच मला हवं होतं. मग महिन्याभराने मी पुन्हा येईन, रांजण पुन्हा वाजवीन आणि म्हणेन, अगं, चांगला आहे की, त्या दिवशी गर्दीत नीट ऐकू आलं नव्हतं. इतकं सगळं माझं ठरलेलं होतं. आमचा नियम मात्र माझ्या डोक्यात आला नाही. सव्वीस वर्षं मी फुटताना बघितलाय तो कारखान्याचा माल. आधीचे दोन रांजण तिने फोडले ते इथे, माझ्या डोळ्यांआड, मी ते नुसतं ऐकलं होतं. कुणी आपले आठ महिने असे फोडत नाही, असं मी धरूनच चालले होते.

 ती म्हणाली की बरं झालं आता कळलं, दालनात पाणी झिरपलं असतं तर सगळ्यांसमोर शोभा झाली असती. तिने खालच्या खणातून हातोडी काढली. मी तिला दहा वर्षांपूर्वी दिलेली शिकवण ती मलाच म्हणून दाखवत होती, की तडा गेलेल्यावर माया करत बसायचं नाही. हातोडी वर गेली. ती खाली यायला वेळ होता. 'थांब' म्हणायला लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ होता. मी बोलले नाही.

रांजणाचे मोठे मोठे पाच-सहा तुकडे झाले. बाकी चुरा.

तिने पोटाकडचा तुकडा उचलला आणि खिडकीशी नेला. मलाही तेव्हाच कळलं की ती काय बघणार आहे. भट्टीतच गेलेल्या तड्याची कड मळकट असते, ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, आत उतरलेलं असतं. धड भांडं फोडलं तर कड एकसारखी पांढरी निघते. हेही तिला मीच शिकवलेलं. तिने तुकडा फिरवून बघितला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. खाली बसून एकेक तुकडा उचलून ती कडा बघत होती आणि मी स्टूल घट्ट धरून उभी होते.

सगळ्या कडा पांढऱ्या होत्या.

बऱ्याच वेळाने ती उठली. तिचा आवाज अगदी मऊ होता, आजारी माणसाशी बोलावं तसा.

"ताई, कान चुकला ना गं तुझा?"

तिला 'हो' हवं होतं. मला ते दिसत होतं. मी हो म्हटलं असतं तर तिने मला जवळ घेतलं असतं, वय होतंय आता तुझं म्हणाली असती, आणि दोघी रडलो असतो. रांजण गेला असता पण ताई राहिली असती. फक्त माझा कान चुकतो एवढं मला कबूल करायचं होतं. त्या खोलीत, त्या उजेडात, तिच्या त्या बेसिनासमोर, माझं म्हणून जे एकच होतं ते.

"माझा कान चुकत नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली.  हातातला तुकडा तिने टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यातला झाडू घेतला. मी पुढे झाले तर तिने बाजूला व्हायची खूण केली, पायाला लागेल म्हणाली. चुरा भरून झाल्यावर तिने फळीवरचा वाडगा खाली घेतला, ओल्या फडक्याने पुसला, टेबलावर ठेवला. मग त्याच्यावर वाकून, केस कानामागे सारून, तिने स्वतः बोटाने वाजवलं. थांबली. वाडगा जरा फिरवून परत वाजवलं. मी चार पावलांवर होते. मला ऐकू आलं, तो खणखणीत होता. मी ते सांगायला तोंडही उघडलं, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

दारावर टकटक झाली. केंद्राच्या व्यवस्थापक बाई होत्या, मागे समितीचे तिघे, हातात याद्या. बाईंनी आत नजर फिरवून मोठा रांजण कुठे आहे असं विचारलं, सकाळपासून सगळे त्याच्याबद्दलच बोलताहेत म्हणाल्या. धाकटीने सांगितलं की तो फुटला, तिनेच फोडला, आणि ती हा वाडगा देते आहे. तिघांनी वाडग्याकडे पाहिलं. बरा होता. एकाने यादीवर काहीतरी खोडलं, आणि ती खोली, ती खिडकी, ती भट्टी तिच्या हातून गेली हे मला यादी न वाचताच कळलं.

व्यवस्थापक बाई चांगल्या होत्या. अवघडलेपण घालवायला त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही ताई ना? या नेहमी सांगतात, ताईंनी वाजवल्याशिवाय मी काही बाहेर काढत नाही. हे वाजवून बघितलंत ना?"

"मी बघितलंय," धाकटी म्हणाली आणि वाडगा उचलून त्यांच्याबरोबर दालनाकडे गेली.