नीरफणसावरून जाणारी तार

वादळ समुद्रावरूनच निघून गेलं, डोंगराला नुसता त्याचा पदर लागला. तेवढ्याने वीज गेली आणि दुसऱ्या सकाळी मोबाइलचा टॉवरही बंद पडला. आयलीन टीचरांच्या खिडकीतल्या पांढऱ्या डब्यात अजून बॅटरी होती, पण टॉवरच झोपल्यावर डबा काय करणार? घरातला फोन, इंटरनेट, संध्याकाळची मालिका, क्रिकेट, सगळं त्या एका डब्यातून यायचं. ते सगळं एकदमच गेलं.

फाटकाशी मास कलबर्ट येऊन उभे राहिले. शेजारचेच, यॅमच्या कंदांची शेती करणारे.

"टीचर, तुमच्याकडे काही लागतंय का?"

"नाही हो. आमचाही मेलाय."

"माझी लेक मर्ना तिकडे टोरांटोत बाळंतपणाला दवाखान्यात गेलीय, आणि मी इथे या डब्याचं तोंड बघत बसलोय." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "जुना फोन बरा होता. अख्खा डोंगर अंधारात असला तरी कानाला लावला की गुणगुणायचा."

"कळेल हो. जमैकाची पोर आहे ती, धडधाकट."

"कळेल. पण एक सांगतो, रागावू नका. डबा मी रॅनीकडे बघून घेतला नाही. तुमच्याकडे बघून घेतला."

ते रागाने बोलले असते तर आयलीन टीचरांना सोपं गेलं असतं.

रॅनी त्यांच्या बहिणीचा मुलगा. बहीण इंग्लंडला गेली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. टीचरांनी त्याला वाढवलं, मांडीवर घेऊन अक्षरं शिकवली. गल्लीतल्या निम्म्या लोकांनाही त्यांनीच शिकवलं होतं. मागे कुणीतरी तांब्यासाठी टेलिफोनची तार कापून नेली, तेव्हा कंपनीने ती पुन्हा टाकली. पुन्हा कापली गेली तेव्हा कंपनीने हात झटकले. लगेच रॅनी व्हॅनभर डबे विकायला घेऊन हजर झाला. टीचर स्वतः फाटकाफाटकाशी गेल्या. "घ्या," त्या म्हणाल्या, "आपल्या रॅनीचं काम आहे." सगळ्यांनी घेतले.

त्यांना स्वतःला त्या तारेचं दुःख जरा वेगळं होतं. खांबावरून घराकडे येताना ती अंगणातल्या नीरफणसाच्या फांदीला घासायची. त्यांचे यजमान, युस्टस, यांनी बागेच्या हिरव्या नळीचा तुकडा उभा चिरून तिथे तारेवर चढवला होता, दोन्ही टोकांना मासेमारीच्या दोऱ्याने आवळला होता, आणि उन्हाने तडकू नये म्हणून व्हरांड्याचा उरलेला पिवळा रंग त्याला फासला होता. युस्टस गेल्यावरही तो तुकडा वर दिसायचा. चोरांनी तारेबरोबर तोही नेला.

मास कलबर्ट गेल्यावर टीचरांनी छत्री घेतली आणि चढाच्या रस्त्याने रॅनीच्या घरी निघाल्या. डब्यांच्या कंपनीतल्या कुणाला तरी त्याने गाठावं, टॉवरपाशी जनरेटर आणवावा, एवढंच मनात होतं.

रॅनी अंगणात व्हॅन धूत होता.

"मावशी! एवढा चढ चढून आलीस? निरोप पाठवायचास."

"कशावरून पाठवू? तुझ्या डब्यावरून?"

तो हसला. "टोमणा पोचला. थांब, पाय धू आधी, चिखलाने भरलेत. मग कोकोचा चहा देतो."

त्याने टाकीतून बादली भरली आणि पुढे केली. टीचरांनी कडीला हात घातला. तारेची कडी हाताला रुतू नये म्हणून तिच्यावर नळीचा तुकडा चढवलेला होता. हिरवा. टोकांना दोरा. वरच्या बाजूला पिवळा रंग, निम्मा उडालेला.

त्यांनी बादली खाली ठेवली. पाय धुतले नाहीत.

वर्गात एखाद्या पोराने खडू चोरला तर त्या कधी ओरडत नसत. त्याच्यासमोर बसून राहत. पोर आपणच बोलायला लागे.

आत्ताही त्या ओट्यावर बसल्या आणि बादलीकडे बघत राहिल्या.

रॅनीने त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. आधी त्याला काहीच कळलं नाही. मग हातातलं फडकं थांबलं.

"तिथे पडलं होतं कुठेतरी," तो म्हणाला.

"कुठे?"

"मावशी, आता ते..."

"तुझ्या काकांनी फांदीवर चढून बांधलं होतं ते. शिडी तू धरली होतीस, रॅनी."

त्याने फडकं व्हॅनवर टाकलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तार आज ना उद्या जाणारच होती. मी नाही तर दुसऱ्याने कापली असती. आणि डबे वाईट आहेत का? पूर्वी कुणाच्या घरात क्रिकेट दिसत होतं?"

"डब्याबद्दल मी बोलत नाहीये. दोन्ही वेळा तूच?"

"पहिल्यांदा नाही." मग, "दुसऱ्यांदा."

"आणि मग मला फाटकाफाटकाशी पाठवलंस."

"तुला कुठे पाठवलं? तू आपणहून गेलीस."

हे खरं होतं, आणि तेच त्यांना सर्वांत जास्त लागलं. त्याला सांगावंसुद्धा लागलं नव्हतं. त्या जातील हे तो धरून चालला होता.

रॅनी त्यांच्यापुढे उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा. "मावशी, टॉवर सुरू होईपर्यंत कुणाला काही कळणार नाही. दोन दिवस शांत विचार कर. आईला तर सांगू नकोस."

"तुझ्या आईला सांगायला फोन कुठे आहे?"

त्यांनी कडीवरून नळीचा तुकडा सोडवायला घेतला. दोरा पक्का होता, युस्टसची गाठ. नखाने सुटेना. रॅनीने खिशातून चाकू काढून पुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. गाठ सुटेपर्यंत बसल्या, आणि तो बघत राहिला.

मग तुकडा मुठीत धरून त्या उतार उतरल्या. घराकडचं वळण आलं, पण तिकडे वळल्या नाहीत. बातमी सांगायला कुणाचाच फोन चालू नव्हता, म्हणजे पुन्हा त्याच फाटकांशी जायला हवं होतं, एकेक करून. मास कलबर्टच्या फाटकाची कडी त्यांनी वाजवली.

"टीचर? लागला का फोन?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि मूठ उघडली. "मला आत येऊ द्या, मास कलबर्ट. तुम्ही माझ्या ज्या शब्दावर डबा घेतलात, त्याबद्दल बोलायचंय."