दार-ए-सलामची शाखा

"पासपोर्ट? माझा?" मनीषाचा हात साडीच्या अर्ध्या घडीवरच थांबला.

"तुमचाच," हसमुखशेठ म्हणाले. कारागिरांशी ते असंच मोडकं मराठी बोलत. "टांझानियात, दार-ए-सलामला आपली शाखा काढतो. घडी-पॅकिंगचं खातं तुम्ही बसवून द्या. सहा महिना फक्त."

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या त्या कापड मार्केटमध्ये मनीषा लग्नानंतर लागली, ती आता खात्याची मुकादम होती. तिने विचारलं, "शेठ, इथला धंदा चांगला चाललाय की. एवढ्या लांब कशाला?"

"कुठे चांगला? आपण डिझाइन काढली की बाजूवाला आठ दिवसात तीच काढते, सस्त्यात. लग्नसराई संपली की कारखाना झोपतो. तिथे आपलं कापड जातंय, पण दलालाच्या हातून. बायकांना काय आवडते, तो सांगतच नाय. आपली माणसं बसल्याशिवाय समजणार कसं?"

मनीषाला ते पटलं. अडचण वेगळीच होती. कोसाडच्या घरात ती आणि तिची सासू सुभद्राबाई, दोघीच. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. सासूला डोळ्यांनी अंधुक दिसायचं. मनीषा तिला गॅसपाशी फिरकूही देत नसे.

रात्री जेवताना तिने घरच्या अहिराणीत विषय काढला.

"कितला महिना?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"सहा."

"मंग जाय."

"आनि तुम्ही? गॅसजवळ तुम्हले दिसत नही."

"सरली शे ना शेजारले. तुन्हा सासरानी माले आठे आनं, तधळ माले गुजराती एक शब्द ये ना. नळवर पानी भरू आनि रडू. पन ऱ्हायनू ना?" म्हातारीने भाकरीचा तुकडा मोडला. "तू जाय. मी काय आज मरत नही."

मनीषा गेली.

दार-ए-सलामच्या दुकानात पहिले काही आठवडे वाईट गेले. बायका येत, कापड बोटांत चोळून बघत, छपाईला हसून दाद देत आणि रिकाम्या हाताने निघून जात. शेठ रोज फोनवर विचारत, "काय म्हणते मार्केट?" मनीषाला उत्तर सापडत नव्हतं.

ते मिळालं नीमाकडून. नीमा दुकानातली शिवणकाम करणारी बाई. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, बाकी हातवारे, अशी दोघींची भाषा. एका दुपारी नीमाने ड्रेसचं कापड अंगाला लावून दाखवलं, मग डोक्याला हात लावला आणि रिकामा तळवा पुढे केला. डोक्याला बांधायला त्याच छपाईचं कापड कुठे आहे? त्याच्याशिवाय इथे सणासमारंभासाठी हे कापड कोण घेणार?

मनीषाने लगेच सुरतेला फोन लावला. पुढच्या मालात प्रत्येक तुकड्याला डोक्याचं कापड जोडून आलं. मनीषाने घडी बदलली. डोक्याचं कापड वर, नजरेत भरेल असं. आठवड्याभरात फळ्या रिकाम्या झाल्या. त्या संध्याकाळी नीमाने तिला भात आणि नारळाच्या दुधातले मासे खायला घातले. मनीषाने आयुष्यात इतकं पोटभर क्वचितच खाल्लं असेल.

सहा महिने संपले. ती निघताना शेठ फोनवर म्हणाले, "खातं आता नीमाबेन संभाळेल. तुम्ही छान बसवलं." मनीषाला बरं वाटलं. नीमा तिच्यापेक्षा वेगाने घडी घालत होती, हेही तिने पाहिलं होतं.

कोसाडला घराचं दार उघडंच होतं. सुभद्राबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, तव्यावर भाकरी फुगलेली.

"सरकशात का? मी करस," मनीषा पुढे झाली.

"बस खाले. दमेल शे तू."

मनीषाने तरी मिठासाठी वरच्या फळीकडे हात लांबवला. तिथे मीठ नव्हतं. सगळे डबे खालच्या फळीवर, म्हातारीच्या हाताला लागतील असे मांडलेले होते. सुभद्राबाईंनी न चाचपडता रांगेतला दुसरा डबा उघडला, मिठाची चिमूट आमटीत टाकली आणि झाकण लावलं.

"तठला लोके चांगला शेतस का?" त्यांनी विचारलं.

"चांगला शेतस," मनीषा म्हणाली. तिने हात धुतले आणि पाहुण्यासारखी भिंतीला टेकून बसली. सुभद्राबाईंनी ताट तिच्या पुढ्यात ठेवलं, भाकरी वाढली आणि ती पहिला घास घेईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.