गिरवलेली सही

एकतीस वर्षं मी पहिलीच्या वर्गाला शिकवतेय. त्यामुळे अक्षरावरून कुणाला बोलायचं असेल तर ते मीच बोलायचं, असा माझा पक्का समज आहे. आमच्या घरात तो सगळ्यांनी निमूट मान्य केलेला आहे. म्हणून कुठल्याशा कचेरीतल्या माणसाने माझ्या भावाच्या सहीवर शेरा मारला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. एके काळी तो देशाच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता. अंतिम सामन्यातली पेनल्टी त्याने उजव्या पंजाने अडवली आणि तेव्हापासून लोक त्याला पंजाच म्हणायला लागले. त्या क्षणाचं छापील कार्ड निघालं होतं, शाळकरी पोरं ते दप्तरात जपून ठेवायची. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि नेमका तोच हात गेला. गेला म्हणजे जागेवर होता, पण सांगितलेलं ऐकेना. डॉक्टर म्हणाल्या, रोज लिहायला लावा. मी शाळेतल्यासारख्या वह्या आणल्या, प्रत्येक पानावर ठिपक्यांनी त्याची सही काढली आणि आठ महिने त्याच्याकडून ती गिरवून घेतली.

मग एक दिवस आमच्या रस्त्यावरून बस नेणारा ड्रायव्हर दारात आला. शाळेत असल्यापासून जपलेलं ते कार्ड त्याच्या खिशात होतं. मी त्याला वाटेला लावणार होते, पण आतून भाऊ म्हणाला, "येऊ दे. देतो."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्ड ठेवलं. वहीबाहेरची ती त्याची पहिली सही. अर्ध्यावर हात अडला. त्याने पेन उचललं, पुन्हा सुरुवातीला नेलं, आधीच्या रेघेवरून रेघ ओढत आला आणि मग उरलेली सही पुरी केली. शाई वाळेपर्यंत ड्रायव्हर कार्डावर फुंकर घालत राहिला. त्या दिवशी जेवताना भावाने चमचा उजव्या हातात घेतला. मी तिकडे बघितलंच नाही असं दाखवलं.

पुढचे दोन आठवडे चमचा उजव्याच हातात होता. आमटी टेबलावर सांडायची, मी पुसायचे.

आणि मग ड्रायव्हर पुन्हा आला, पडलेल्या चेहऱ्याने. त्याने कार्ड तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवलं होतं. ते लोक कार्डाचे कोपरे, कडा, छपाई बघून दहापैकी गुण देतात आणि कार्ड जाड प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून परत करतात. सहीलाही गुण हवे असतील तर अर्जात वेगळी खूण करायची असते.

"केलीत कशाला ती खूण?" मी विचारलं.

"मला वाटलं, बाई, दहा मिळतील."

डबीवर छापलं होतं: कार्ड, नऊ. आणि त्याखाली: सही गिरवलेली, गुण नाहीत.

मी डबी पदराखाली घ्यायच्या आत भावाने ती वाचली होती. रात्रीच्या जेवणाला चमचा डाव्या हातात होता, आणि त्यानंतर आठ दिवस वही उघडली गेली नाही. मी समजावलं, रागावले, वहीची आदळआपट केली. तो खिडकीकडे तोंड करून बसायचा.

नवव्या दिवशी शाळेत रजा टाकली, ड्रायव्हरकडून डबी मागून घेतली आणि सगळ्या वह्या पिशवीत भरून त्या कचेरीत गेले.

तपासनीस मध्यम वयाचा होता, चष्मा कपाळावर आणि भिंग डोळ्याला. त्याने शांतपणे मला भिंगातून सही दाखवली. "इथे पेन उचललंय. इथे रेघेवर रेघ आहे. खोटी सही करणारे असंच करतात, बाई."

"आणि खरी सही करणाऱ्याचा हात अडला तर?"

"कागदावर हात दिसत नाही. शाई दिसते."

"मग गुणांचं काढूच नका. सही त्याची आहे का, एवढंच सांगायचं. सुबक आहे की वेडीवाकडी, हे ठरवणारे तुम्ही कोण? त्याने ती त्या ड्रायव्हरला दिली, तुम्हाला नाही." माझा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरची माणसं कामं थांबवून बघायला लागली. बघू देत, म्हटलं. मी पिशवी त्याच्यापुढे पालथी केली. "हे घ्या. आठ महिने. बघा गिरवणं कशाला म्हणतात ते."

तो पानं उलटत गेला. घाईने नाही, मी वह्या तपासते तशी, एकेक. मग एका पानावर थांबला.

"हे लाल आकडे कुणाचे?"

"माझे."

त्याने वही माझ्याकडे फिरवली. दहापैकी तीन. दहापैकी चार, ठिपका सोडू नये. दहापैकी चार. दहापैकी तीन, लक्ष कुठे आहे? पानामागून पान.

"समोर येऊन सही केली तर खरी असल्याचं लिहून देईन," तो म्हणाला. "पण गुण मीही चारच दिले असते."

तो टोमणा मारत नव्हता, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. वह्या गोळा करून मी निघाले. रस्ताभर त्याला शिव्या दिल्या. घर जवळ आलं तशा त्या कमी होत गेल्या, कारण त्या कुणाला लागू पडतात हे मला कळायला लागलं होतं.

भाऊ खिडकीशीच होता. मी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा सुरू झाले, की ते लोक निर्बुद्ध आहेत, त्यांना माणूस कळत नाही, आयुष्यभर भिंगातून बघून डोळे गेलेत त्यांचे. त्याने मला पुरतं बोलू दिलं.

"ताई, ते परके," तो म्हणाला. हल्ली त्याचे शब्द सावकाश येतात. "तू तर समोर बसायचीस. रोज. तरी चार."

मी खुर्चीवर बसले. सवयीने असं करते, हे सांगणार होते. तुझ्याच भल्यासाठी, हेही सांगणार होते. दोन्ही मी वर्गातल्या मुलांच्या आयांना सांगत आलेय.

त्याने पिशवीतली एक वही ओढली आणि कोरं पान काढलं. "सही कर. डाव्या हाताने."

मी केली. पहिल्याच अक्षराला पेन घसरलं, दुसरं ओळीखाली गेलं, शेवटचं तर माझं मलाही वाचता येईना. मनगट दुखलं. अर्ध्या मिनिटात मला रडू यायला लागलं, आणि ते रागाचंच होतं, फक्त आता तो राग त्या तपासनिसावर नव्हता.

"लाल पेन," तो म्हणाला.

मी दिलं. त्याने ते उजव्या हातात घेतलं. हात हळूहळू पानावर आला, माझ्या सहीखाली थांबला आणि एका दमात, पेन न उचलता, त्याने आकडा काढला: २.

त्या आकड्याखाली गिरवायला ठिपके नव्हते. मी कुठलाही शेरा न लिहिता वही मिटली आणि ताटं वाढायला उठले. चमचा त्याच्या उजव्या हाताला ठेवला.