पुलाच्या अलीकडे

रईसनं गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली आणि प्रफुलच्या मागच्या चाकाला चिकटून राहिला. सावलीहून सुटलेल्या सात मोटरसायकलींत दोघंच पुढे होते. दुपारचे चार वाजले होते. वैनगंगेचा पूल ओलांडला की शर्यत संपणार होती, आणि पुलापलीकडे, वळणाआड, पोलीस उभे होते. सातांपैकी हे फक्त रईसला माहीत होतं. तो स्वतः पोलीस शिपाई होता. चार महिने प्रफुलच्या गॅरेजात मिस्त्री बनून राबत होता.

शर्यत हा देखावा होता. लोक वेग बघत राहत, आणि सीटवर बांधलेल्या बॅगांतून बनावट दारू गडचिरोलीत शिरे. त्या दारूनं चामोर्शीकडे दोन माणसं मेली होती. बातमी आली त्या दिवशी प्रफुलनं गॅरेज उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र बॅगा पुन्हा भरल्या गेल्या.

झाडीतून एक चितळ रस्त्यावर आलं. प्रफुल निसटला. रईसनं ब्रेक दाबला, तशी गाडी आडवी झाली आणि त्याला घेऊन डांबरावर घसरत गेली. फूटरेस्ट मांडीत घुसला. रक्त थांबेना.

मागच्या पाच गाड्या हॉर्न वाजवत निघून गेल्या. पुढे गेलेली एक परत फिरली.

"हलू नको. मी आहो ना," प्रफुल म्हणाला. गळ्यातला दुपट्टा काढून त्यानं मांडीवर करकचून बांधला. मागची बॅग टाकीवर घेतली, रईसला उचलून सीटवर बसवलं आणि अंगातला शर्ट काढून दोघांच्या कमरेभोवती आवळला. "गडचिरोलीचा दवाखाना. दहा मिनटं. झोपू नको."

गाडी सुटली. रईसला झाडं धूसर दिसत होती. थोड्या वेळानं पुलाचे कठडे दिसू लागले. अलीकडे डाव्या हाताला नदीकाठानं जाणारी पांदण होती.

"प्रफुल, डावीकडे वळव."

"काऊन?"

"समोर पोलीस आहेत."

प्रफुलनं मान किंचित मागे वळवली.

"तुले कसं माहीत?"

रईसचं कपाळ प्रफुलच्या उघड्या पाठीला टेकलं. ती पाठ क्षणभर ताठ झाल्याचं त्याला जाणवलं. गाडी मंदावली. पांदण अगदी समोर आली.

"इकडून दवाखाना पडते का?" प्रफुलनं विचारलं.

"नाई."

"मंग कायले सांगून राह्यला?"

प्रफुलनं गिअर बदलला. पांदण मागे गेली आणि चाकांखाली पूल वाजू लागला. रईसचे हात सुटत चालले होते. प्रफुलनं एक हात हँडलवरून काढला आणि ते दोन्ही हात आपल्या पोटाशी घट्ट दाबून धरले.